आपल्या उच्चारात, आपल्या खर्चाने

हायजॅक हा लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला गट. 1988 साली त्यांची ‘स्टाइल वॉर्स’ ही ट्वेल्व्ह-इंच तबकडी म्युझिक ऑफ लाइफ या छोट्या कंपनीने काढली आणि ब्रिटनमधल्या रॅपवेड्या पोरांना आपल्याकडेही असं काही होऊ शकतं याचा पुरावा मिळाला. वेग प्रचंड, स्क्रॅचिंग धारदार, चेहरे झाकलेले, आवेश असा की हे लोक मंचावर गाणं म्हणायला आलेत की दरोडा घालायला, असा प्रश्न पडावा. अमेरिकेतला नावाजलेला रॅपर आइस-टी याने ही तबकडी ऐकली आणि त्यांना आपल्या ऱ्हाइम सिंडिकेट या कंपूत घेतलं. सिंडिकेटच्या पाठीशी वॉर्नर ब्रदर्स होती. ब्रिटिश रॅप गटाच्या नशिबात यापेक्षा मोठं काही लिहिलेलं असू शकतं, असं तेव्हा कुणालाच वाटलं नसेल. ‘द हॉर्न्स ऑफ जेरिको’ हा त्यांचा अल्बम मात्र बाहेर पडला 1991 मध्ये, आणि ज्या अमेरिकेसाठी एवढा खटाटोप केला तिथे तो काढलाच गेला नाही. पुढे गट विखुरला.

ब्रिटिश हिप-हॉपच्या इतिहासात ही गोष्ट नावं बदलून इतक्यांदा घडली आहे की तिला अपघात म्हणवत नाही. पहिली दोन-तीन वर्षं झपाट्याची. मग करार, मग वाट पाहणं, मग उशिरा आलेला अल्बम आणि शेवटी शांतता. या गटांबद्दल लिहिताना सहसा एकच तक्रार केली जाते: अमेरिकेच्या सावलीत यांना कुणी विचारलं नाही. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या गटांची सुरुवातीची वर्षं नीट पाहिली तर प्रतिभेपेक्षा वेळेचा आणि वितरणाचा प्रश्न मोठा दिसतो. तबकडी कोण छापतो, ती दुकानात कोण पोचवतो, पैसे कधी परत येतात आणि मधल्या काळात गट एकत्र राहतो का, यावर जवळजवळ सगळं ठरलं.

आधीचा काळ भराभर सांगून टाकतो. 1982 च्या अखेरीस माल्कम मॅक्लॅरनचं ‘बफेलो गल्स’ ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं आणि त्याच्या चित्रफितीतून स्क्रॅचिंग, ग्राफिटी, ब्रेकडान्स हे सगळं एकदम घराघरात शिरलं. कॉव्हेंट गार्डनच्या फरशीवर लिनोलियमचे तुकडे पसरून पोरं घिरट्या घेऊ लागली. नॉटिंगहॅमच्या रॉक सिटी क्लबात शनिवारी दुपारी त्यांचे अड्डे भरत. मॉर्गन खान यांच्या स्ट्रीट साउंड्स कंपनीने 1983 पासून ‘इलेक्ट्रो’ नावाची संकलनं काढली. महागड्या आयात तबकड्या ज्यांना परवडत नव्हत्या त्यांनी हिप-हॉप शिकलं ते या स्वस्त संकलनांवरून. 1986 च्या जुलैत वेम्बली अरीनात ‘यूके फ्रेश’ हा मोठा जलसा झाला. त्यात झेंडा मुख्यतः अमेरिकी कलाकारांचाच होता. पुढच्या वर्षी पब्लिक एनिमी हॅमरस्मिथ ओडियनमध्ये आले. तिथला लंडनकरांचा गलका त्यांच्या पुढच्या अल्बमात जागोजागी ऐकू येतो. म्हणजे उत्तम श्रोता म्हणून ब्रिटनचं नाव आधी झालं, गायक म्हणून पुढे.

या सगळ्याच्या खाली एक जुना झरा होता: जमैकन साउंड सिस्टिमचा. दक्षिण लंडनच्या सॅक्सन साउंडसारख्या मंडळींनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच माइकवर अतिजलद बोलण्याची स्वतःची ढब तयार केली होती. स्मायली कल्चरचं ‘पोलीस ऑफिसर’ 1984-85 च्या सुमारास चक्क पॉपच्या यादीत वर चढलं, तेही लंडनच्या कॉकनी आणि जमैकन बोलीच्या मिश्रणात. घरातच एवढा ऐवज असताना पहिल्या पिढीतल्या बऱ्याच ब्रिटिश रॅपरांनी न्यूयॉर्कचा उच्चार उसना घेतला. शिष्य गुरूच्या आवाजात गातो, हे सगळीकडेच घडतं; इथे ते जरा जास्त काळ चाललं.

ही सवय मोडण्याचं श्रेय बहुतेक जाणकार लंडन पॉसीला देतात आणि माझ्या मते ते योग्यच आहे. बायॉनिक, रॉडनी पी, बीटबॉक्स करणारा सिफो आणि डीजे बिझनिझ अशी ही चौकडी. बिग ऑडिओ डायनामाइट या बँडच्या दौऱ्याच्या निमित्ताने ते एकत्र आले. 1987 मध्ये पहिली तबकडी, 1988 मध्ये ‘मनी मॅड’, आणि 1990 मध्ये आयलंडच्या मँगो या शाखेतर्फे ‘गँगस्टर क्रॉनिकल’ हा अल्बम. तो आज ऐकला तरी पहिल्या कडव्यापासून कळतं की ही माणसं दक्षिण लंडनच्या बसमध्ये बसून बोलतात तशीच बोलताहेत. जमैकन रागा आणि रॅप यांच्यातलं कुंपण त्यांनी मोडलं असं म्हणतात, पण त्यांच्या दृष्टीने तिथे कुंपण मुळात नव्हतंच. घरी आईवडिलांची कॅरिबियन बोली, रस्त्यावर कॉकनी, कानात न्यूयॉर्क. तिन्ही एका जिभेवर आली. टॉटनहॅमच्या डीमन बॉयझनी 1989 च्या ‘रेकग्निशन’मध्ये हेच आणखी वेगाने केलं. पुढे जंगल आणि ग्राइम या संगीतप्रकारांत जे माइकवरचं बोलणं ऐकू आलं त्याची मुळं शोधत गेलात तर या दोन अल्बमांपाशी थांबावंच लागतं.

म्युझिक ऑफ लाइफचं नाव वर आलं, तिथे थोडं थांबतो. निर्माता सायमन हॅरिस आणि डीजे फ्रॉगी यांनी ती 1986 मध्ये सुरू केली. ‘हार्ड अ‍ॅज हेल’ या संकलनांतून नवे गट लोकांपुढे आणायचे, ज्याच्या गाण्याला प्रतिसाद मिळेल त्याची स्वतंत्र तबकडी काढायची, अशी साधी पद्धत. डेरेक बी, हायजॅक, डीमन बॉयझ, एमसी ड्यूक, शी रॉकर्स, हार्डनॉइज ही सगळी मंडळी याच दारातून आली. 1988 मध्ये डेरेक बीची गाणी पहिल्या विसांत पोचली आणि तो ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये झळकला, तेव्हा छोट्या कंपनीचा रॅपर तिथवर जाऊ शकतो हे सिद्ध झालं. त्याच वर्षी ‘हिप-हॉप कनेक्शन’ हे मासिक सुरू झालं आणि 2009 पर्यंत चाललं. वर्तमानपत्रं ज्यांना टिंगलीपुरतं छापत त्यांची तिथे गंभीर परीक्षणं येऊ लागली.

त्या काळी तबकडी निघायची कशी, हे जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. घरात किंवा मित्राच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर कच्चा मसुदा व्हायचा. मग कुणाच्या तरी ओळखीने स्टुडिओत रात्रीचे स्वस्त तास मिळवायचे. तिथे अकाईचा सॅम्पलर असला तर चैन. त्याची स्मृती काही सेकंदांची, म्हणून जुनी तबकडी 33 ऐवजी 45 च्या वेगाने वाजवून सॅम्पल घ्यायचं आणि यंत्रात ते पुन्हा खाली ओढायचं. त्यातून आवाजाला जो खरखरीतपणा यायचा तो पुढे शैली म्हणून मिरवला गेला. ध्वनिमुद्रण झालं की लॅकर, म्हणजे छपाईसाठीची मूळ तबकडी, कापून घ्यायची, कारखान्यात पाचशे किंवा हजार प्रतींची ऑर्डर द्यायची. पहिल्या काही प्रती कोऱ्या पांढऱ्या लेबलच्या. त्यावर रबरी शिक्का मारायचा किंवा हाताने नाव लिहायचं आणि त्या क्लबांतल्या डीजेंना, चोरट्या रेडिओ केंद्रांना फुकट वाटायच्या. किस एफएम 1988 च्या अखेरपर्यंत असंच चोरटं केंद्र होतं. उरलेल्या पिशवीत भरून सोहोतल्या ग्रूव्ह रेकॉर्ड्ससारख्या दुकानांत घेऊन जायच्या. दुकानदार सुईखाली अर्धा मिनिट ऐकणार आणि म्हणणार, पाच ठेव. विकल्या तर पैसे, नाहीतर माल परत.

लंडनबाहेर पोचायचं तर वितरक लागायचा. वितरकाशी करार असा असे की छपाईचा खर्च तो करेल, विक्रीतून आधी आपले पैसे वळते करून घेईल आणि उरलं तर गटाला देईल. हे उरणं महिनोन्महिने लांबायचं. पहिल्या तबकडीचे पैसे हातात येईपर्यंत दुसरीसाठी पदरमोड करावी लागे. तेवढ्यात एखादा सदस्य नोकरीला लागे, एखाद्याला मूल होई. गट फुटण्याची कारणं मुलाखतींत कलेच्या भाषेत सांगितली जातात. हिशेबाच्या वहीत ती बहुधा आधीच लिहिलेली असत. त्यात विक्रीची अधिकृत मोजणी ठरावीक दुकानांतून व्हायची, आणि रॅपच्या तबकड्या जिथे खपायच्या ती खास दुकानं तिच्यात फारशी नसत. त्यामुळे खरोखर खपलेली तबकडीसुद्धा यादीत दिसेलच असं नव्हतं.

अशा वेळी मोठ्या कंपनीचा माणूस दारात आला तर कोण नाही म्हणेल? म्हणूनच ‘विकले गेले’ हा शेरा मला नेहमी उथळ वाटत आला आहे. क्लॅपमच्या कुकी क्रूचं उदाहरण घ्या. दोन तरुण मुली, खणखणीत रॅप. त्यांचं नाव गाजलं ते बीटमास्टर्स या निर्मात्यांबरोबरच्या ‘रॉक द हाउस’मुळे; 1988 च्या सुरुवातीला ते पहिल्या पाचांत गेलं. ते हिप-हॉपपेक्षा हाउस संगीताच्या चालीवरचं गाणं होतं. एकदा तसलं गाणं चाललं की कंपनीला पुढचंही तसंच हवं असतं. वी पापा गर्ल रॅपर्सच्या वाट्यालाही थोड्याफार फरकाने हेच आलं. मोनी लव्हने अमेरिकेची वाट धरली. ब्रिटिश रॅपमधल्या बायकांची ही पहिली फळी ज्या वेगाने वर आली त्याच वेगाने पडद्याआड गेली. त्यानंतर रॅपर स्पीच डबेलला 2009 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं मर्क्युरी पारितोषिक मिळेपर्यंत पुरुषांच्या गटांचाच इतिहास लिहिला गेला, ही या विषयातली सगळ्यांत मोठी लाजिरवाणी जागा आहे.

मँचेस्टरच्या रूथलेस रॅप असासिन्सची कथा वेगळी आणि जास्त चुटपुट लावणारी आहे. हे ह्यूमचे. तिथल्या काँक्रीटच्या अर्धवर्तुळाकार वसाहती पाडल्या जाण्याआधी ब्रिटनभर कुप्रसिद्ध होत्या. ईएमआयने त्यांचे दोन अल्बम काढले, 1990 आणि 1991 मध्ये. पहिल्या अल्बमातलं ‘अँड इट वॉझन्ट अ ड्रीम’ हे गाणं कॅरिबियनमधून ब्रिटनला आलेल्या पिढीबद्दल आहे: काय आशेने आले आणि काय वाट्याला आलं. अमेरिकी रॅपमध्ये हा विषय असणं शक्यच नव्हतं. समीक्षकांनी वाखाणलं, लोकांनी पुरेसं घेतलं नाही, कंपनीने हात काढून घेतला. छोट्या कंपनीत एवढ्या विक्रीवर गट आणखी पाच वर्षं जगला असता. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात तेच अपयश ठरलं. अपयशाची व्याख्या कुठल्या खोलीत बसून केली जाते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

स्टिरिओ एमसीज मात्र या कात्रीतून सुटले. त्यांच्या उगमाची हकीकत मुंबईकराला ऐकल्यासारखी वाटेल: राहती जागा सोडावी म्हणून बिल्डरने पैसे दिले आणि त्या पैशांतून जी स्ट्रीट ही कंपनी आणि स्टुडिओ उभा राहिला. स्वतःच्या स्टुडिओत त्यांना चुका करायला सवड मिळाली. 1992 चा ‘कनेक्टेड’ प्रचंड खपला आणि 1994 मध्ये त्यांना सर्वोत्तम ब्रिटिश गटाचा ब्रिट पुरस्कार मिळाला. तोवर त्यांचं संगीत नाचगाण्याच्या बाजूला इतकं सरकलं होतं की कट्टर मंडळी त्यांना आपलं मानेनात. मला हा कट्टरपणा त्या काळच्या ब्रिटिश हिप-हॉपचा दुसरा शत्रू वाटतो. ज्याला यश मिळालं तो आपला नाही, असं ठरवून टाकलं की उरतात ते फक्त हुतात्मे.

1991 हे वर्ष वाईट गेलं. रफ ट्रेडची वितरणव्यवस्था कोसळली आणि स्वतंत्र कंपन्यांची येणी बुडाली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या प्रकरणात निकाल दिला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं धोक्याचं झालं; त्याची धास्ती ब्रिटनमध्येही पोचली. दरम्यान तरुणांचा लोंढा रेव्ह या नाचसोहळ्यांकडे वळला होता. ज्यांनी काल रॅपसाठी ब्रेकबीट कापले तेच आज त्यांचा वेग वाढवून हार्डकोर आणि जंगल बनवत होते. पैसे तिकडे होते, गर्दी तिकडे होती.

तरी काही जण हटले नाहीत. पूर्व लंडनमधल्या लेटनचे गनशॉट हे त्यांतले म्होरके. व्हिनिल सोल्यूशन हे मूळचं तबकड्यांचं दुकान; त्याच नावाच्या कंपनीने 1990 मध्ये गनशॉटची ‘बॅटल क्रीक ब्रॉल’ काढली. मग एकामागून एक सिंगल आणि 1993 मध्ये ‘पेट्रियट गेम्स’ हा अल्बम. हायजॅकलाही पहिल्या तबकडीपासून अल्बमपर्यंत तीन वर्षं लागली आणि गनशॉटलाही तीनच. फरक एवढाच की गनशॉटच्या मधल्या काळात दर काही महिन्यांनी काहीतरी बाहेर पडत राहिलं, श्रोत्यांशी नातं तुटलं नाही. वेगवान, कर्कश, चित्रपटातल्या युद्धासारखं त्यांचं संगीत इंग्लंडमध्ये मूठभरांनी ऐकलं. जर्मनीत मात्र त्याला निष्ठावान वर्ग मिळाला. तिथे या शैलीला ब्रिटकोर असं नाव पडलं. हार्डनॉइज आणि त्यातून निघालेले सन ऑफ नॉइज यांचंही तिकडे कौतुक झालं. युरोपचा दौरा हा या गटांचा खरा आधार होता, हे इंग्रजी मासिकांतून फारसं लिहिलं गेलं नाही.

आणि ब्लेड. तो गट नव्हे, एकटा; पण स्वतंत्रपणे रॅपची तबकडी काढणं म्हणजे काय, हे त्याला वगळून सांगता येत नाही. इराणमध्ये जन्मलेला, आर्मेनियन वंशाचा, लहानपणी इंग्लंडला आलेला आणि आग्नेय लंडनच्या न्यू क्रॉसमध्ये वाढलेला हा माणूस 1989 पासून स्वतःच्या 691 इन्फ्लुएन्शियल या नावाखाली तबकड्या काढत होता. छापायच्या, पिशवीत घालायच्या, रस्त्यात उभं राहून लोकांना विकायच्या. जो घेईल त्याचा पत्ता लिहून ठेवायचा. या पत्त्यांच्या यादीच्या जोरावर त्याने 1993 मध्ये ‘द लायन गोज फ्रॉम स्ट्रेंग्थ टु स्ट्रेंग्थ’ हा दुहेरी अल्बम काढला: चाहत्यांना पत्रं पाठवली, त्यांनी अल्बम निघायच्या आधीच पैसे पाठवले आणि त्या पैशांतून छपाई झाली. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ते त्याने पोस्टाच्या तिकिटांवर केलं. आपल्याकडे ग्रंथ प्रकाशनपूर्व सवलतीत विकतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे प्रकाशक, लेखक, हमाल आणि कारकून एकच होता. 2001 मध्ये निर्माता मार्क बीबरोबर त्याने ‘द अननोन’ केला आणि त्यातल्या गाण्याच्या रॉक वळणाच्या रीमिक्सने त्याला थेट ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर नेलं. बारा वर्षांनी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक वेगळी वाट निघाली, तिचा उल्लेख ब्रिटिश हिप-हॉपच्या आढाव्यांत अनेकदा तळटीपेसारखा येतो. अकी नवाझ आणि कॅथ कॅनोव्हिल यांनी 1988 मध्ये सुरू केलेल्या नेशन रेकॉर्ड्सने दक्षिण आशियाई वंशाच्या रॅपरांना जागा दिली. नवाझ यांचा स्वतःचा फन-डा-मेंटल, शीख तरुणांचा हसलर्स एचसी आणि सर्वांत दूरवर गेलेला एशियन डब फाउंडेशन. हा शेवटचा गट 1993 मध्ये लंडनच्या कम्युनिटी म्युझिक या संस्थेच्या कार्यशाळेत जमला. डॉ. दास म्हणजे अनिरुद्ध दास तिथले शिक्षक, पंडित जी म्हणजे जॉन पंडित युवकांमध्ये काम करणारे, आणि दीदार झमान हा शाळकरी वयाचा विद्यार्थी. गिटारवादक चंद्रसॉनिक म्हणजे स्टीव्ह चंद्र सावळे नंतर आला. 1993 च्याच सप्टेंबरात पूर्व लंडनच्या मिलवॉलमध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या वर्णद्वेषी पक्षाचा नगरसेवक निवडून आला होता. गट आधी साउंड सिस्टिम म्हणून वर्णद्वेषविरोधी कार्यक्रमांत वाजवू लागला, तबकडी नंतर आली.

त्यांचा पहिला अल्बम ‘फॅक्ट्स अँड फिक्शन्स’ 1995 चा. इंग्रजी संगीत-पत्रकारितेने त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. फ्रान्समध्ये मात्र त्यांना मोठा श्रोता मिळाला. इतका, की दुसरा अल्बम 1997 मध्ये आधी तिकडेच निघाला. नंतर तो नव्याने घडवून 1998 मध्ये ब्रिटनमध्ये ‘रफीज रिव्हेंज’ म्हणून आला आणि मर्क्युरीच्या अंतिम यादीत गेला. गनशॉटला जर्मनी, यांना फ्रान्स. समुद्र ओलांडल्यावर घरच्यांना जाग येते, हा अनुभव ब्रिटिश रॅपला वारंवार आला. पुढे जॉन पंडित यांना सरकारने एमबीई हा किताब देऊ केला, तो त्यांनी नाकारला. कार्यशाळांना पैसे द्या, ही त्यांची भूमिका होती. आपण कुठून आलो हे ज्याला ठाऊक आहे त्याचं ते उत्तर.

दशक सरता सरता छोट्या कंपन्यांची दुसरी पिढी उभी राहिली आणि ती पहिलीपेक्षा शहाणी होती. लीड्समध्ये ब्रेनटॅक्सने 1992 मध्येच लो लाइफ सुरू केली होती. पत्रकार विल अ‍ॅशन यांनी 1997 मध्ये निन्जा ट्यूनच्या छत्राखाली बिग दादा काढली आणि रूट्स मनुव्हासारखा कवी जगाला दिला. रॅपर जेस्टची वायएनआर ही कंपनी, हायबरीच्या वसाहतीतल्या दोन भावांचा टास्क फोर्स, साध्या सीडींवर घरीच बनवलेले संग्रह. यांनी अमेरिकेची बरोबरी करण्याचा नाद सोडला. विषय पावसाचे, बेकारभत्त्याच्या रांगेचे, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतींचे. उच्चाराचा वाद तर संपलाच होता. तंत्रही स्वस्त झालं होतं: घरातला संगणक, सीडी बर्नर. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या गोल्डी लुकिन चेन या विनोदी टोळक्याने तर घरी जाळलेल्या सीडी वाटता वाटता मोठी कंपनी गाठली आणि 2004 मध्ये पहिल्या तिनांत गाणं नेलं. त्यांना हिप-हॉप म्हणायचं का यावर अजून भांडणं होतात. मला त्यांचा गाढवपणा प्रामाणिक वाटतो.

या पिढीचा नमुना म्हणून फॉरेन बेगर्सकडे पाहावं. 2002 च्या सुमारास लंडनमध्ये जमलेला गट: माइकवर पवन मुखी आणि मेट्रोपोलिस, संगीत डॅग नॅबिटचं, तबकड्यांवर डीजे नोनेम्स. त्यांनी करार शोधत बसण्याऐवजी आधी कंपनीच काढली, डेंटेड रेकॉर्ड्स. 2003 चा ‘असायलम स्पीकर्स’ आणि 2006 चा ‘स्ट्रे पॉइंट अजेंडा’ दोन्ही तिथूनच निघाले. त्यांचा मोठा डाव होता प्रत्यक्ष कार्यक्रमाचा. सुरुवातीच्या काळात श्लोमोसारखा बीटबॉक्सर बरोबर असायचा, त्यामुळे वीज गेली तरी कार्यक्रम थांबला नसता. अल्बम हा त्यांच्या लेखी दौऱ्याची जाहिरात, कमाई दौऱ्यातून. आणि शैलीचं सोवळं त्यांनी पाळलं नाही. डबस्टेप आला तेव्हा त्यांनी तो अंगावर घेतला, नॉइजिया या डच निर्मात्यांबरोबर काम केलं आणि पुढे डीजे डेडमाउसच्या माउसट्रॅप या कंपनीपर्यंत पोचले. जुने चाहते कुरकुरले. पण कंपनीच्या दारात ते गेले ते जवळजवळ दशकभर स्वतःचं दुकान चालवल्यावर, हायजॅकसारखे पहिल्याच वर्षी नव्हे. बोलणी करताना हा फरक फार मोठा असतो.

त्याच सुमारास, 2003 मध्ये, चॅनल यू ही वाहिनी सुरू झाली आणि घरगुती कॅमेऱ्यावर काढलेल्या चित्रफितींना टीव्ही मिळाला. ग्राइमवाल्यांनी याचा सर्वांत जास्त फायदा उठवला. स्केप्टा आणि जेएमई या भावांची बॉय बेटर नो ही कंपनी तबकड्यांबरोबर टी-शर्ट विकत मोठी झाली आणि 2016 मध्ये स्केप्टाने ‘कोनीचिवा’साठी मर्क्युरी पटकावलं ते स्वतःच्याच कंपनीतून. ग्राइम हिप-हॉप आहे की नाही हा वाद इथे उघडत नाही. धंद्याची रीत मात्र ब्लेडच्या पिशवीतूनच आलेली आहे.

एडिंबराच्या यंग फादर्सचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. अ‍ॅलॉयशियस मसाकोई लायबेरियात जन्मलेला, कायस बँकोले नायजेरियन आईवडिलांचा, ग्रॅहम हेस्टिंग्ज स्थानिक. शाळकरी वयात बाँगो क्लबच्या अल्पवयीनांसाठीच्या हिप-हॉप रात्रीत त्यांची ओळख झाली. पहिली काही वर्षं त्यांना गोंडस पॉप गट म्हणून घडवण्याच्या प्रयत्नांत गेली आणि फारसं काही हाती लागलं नाही. मग कंटाळून त्यांनी तळघरातल्या स्टुडिओत झटपट गाणी करून 2011 मध्ये ‘टेप वन’ स्वतःच लोकांपुढे ठेवली. लॉस एंजेलिसच्या अँटिकॉन या छोट्या कंपनीने ती 2013 मध्ये रीतसर काढली, पाठोपाठ ‘टेप टू’. 2014 च्या जूनमध्ये त्यांना स्कॉटलंडचा से पुरस्कार आणि ऑक्टोबरमध्ये, बिग दादाने काढलेल्या ‘डेड’साठी, मर्क्युरी. त्या रात्रीपर्यंत ‘डेड’च्या ब्रिटनमध्ये अडीच हजारांहूनही कमी प्रती खपल्या होत्या. एखाद्या मोठ्या कंपनीत असते तर हे तिघे पारितोषिकाच्या टेबलापर्यंत पोचलेच नसते. तो अल्बम उन्हाळ्यातच गुंडाळला गेला असता. बक्षीस मिळाल्यावर ते हसले नाहीत म्हणून वर्तमानपत्रं रागावली, आणि उजव्या विचारांच्या काही वर्तमानपत्रांशी बोलायचं त्यांनी नाकारलं.

आता एक गोष्ट जी संगीताच्या लेखांत येत नाही: या सगळ्यांना पोसलं कुणी? थॅचर सरकारने 1983 पासून देशभर एक योजना चालवली. बेकाराने स्वतःचा धंदा सुरू केला आणि हजार पौंडांचं भांडवल दाखवलं की वर्षभर आठवड्याला 40 पौंड मिळत. हेतू होता बेकारीचे आकडे कमी दाखवण्याचा. फायदा उठवला गिटारवाल्यांनी, शिल्पकारांनी, तबकड्या काढणाऱ्यांनी. क्रिएशन रेकॉर्ड्ससारखी कंपनी त्यातूनच उभी राहिली. पुढे लेबर सरकारने 1999 मध्ये संगीतकारांसाठी खास रोजगार योजना आणली. स्वस्त घरं, बेकारभत्ता, नगरपालिकेची युवक केंद्रं, एशियन डब फाउंडेशनला जन्म देणाऱ्या कार्यशाळा: ब्रिटिश हिप-हॉपचं स्वातंत्र्य या अदृश्य आधारावर उभं होतं. ‘स्वतःच्या बळावर’ हे शब्द रॅपरांना फार आवडतात. त्या बळात एवढा सार्वजनिक पैसा होता हे मान्य करायला त्यांना अवघड जातं. 2010 नंतर युवक केंद्रं धडाधड बंद झाली. नव्या गटांची यादी वाचताना त्यांचे आईवडील काय करतात हे आता विचारावंसं वाटतं.

हाय फोकससारख्या कंपनीने 2010 पासून दाखवलं की स्वतःच्या कंपनीची ही वाट अजून चालता येते. त्यांच्या फोर आउल्स या गटासाठी 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या डीजे प्रीमियरने गाणं केलं, तेही त्यांच्या अटींवर, त्यांच्याच कंपनीसाठी. हायजॅकच्या वेळी गोष्ट नेमकी उलटी होती. मर्यादित प्रतींचं व्हिनिल, टोप्या, कार्यक्रमाची तिकिटं असा हाय फोकसचा उदरनिर्वाह आहे. स्ट्रीमिंगमधून येणारे पैसे या आकाराच्या गटाला चहापाण्यापुरते.

जुन्या गटांपाशी आता प्रश्न उरला आहे हक्कांचा. ज्यांनी मोठ्या कंपनीला अल्बम दिला त्यांच्या मूळ टेप कंपनीच्या विलीनीकरणांबरोबर हात बदलत गेल्या. कुठल्या कपाटात आहेत आणि त्यावर सही कुणाची हवी हे शोधण्यातच वर्षं जातात. ‘गँगस्टर क्रॉनिकल’ बराच काळ फक्त जुन्या बाजारात चढ्या भावाने मिळायचा. 2013 मध्ये ब्रायटनच्या ट्रू थॉट्स या स्वतंत्र कंपनीने तो दुर्मिळ गाण्यांसह पुन्हा काढला, तेव्हा तो निघाल्याला तेवीस वर्षं झाली होती आणि रॉडनी पी रेडिओवर, मंचांवर नव्या पोरांची ओळख करून देणारा वडीलधारा झाला होता. ब्लेडला असल्या कुणाची परवानगी मागावी लागली नाही. त्याच्या तबकड्यांचे हक्क त्याच्याच घरी होते.